मरून रंगाचे रुमाल

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दहाला पाय ठेवायला जागा नसायची. दमेकरी, खोकलेकरी, सिगारेटींनी छातीचं खोकं करून घेतलेले, शिवाय घरच्यांनी दंडाला धरून आणलेले. जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबावं लागे, आणि थांबलेली माणसं एकमेकांना धीर देत, "आत्ता चढतोय तेवढंच. उतरताना पळत उतरू."

वर स्टेजवर फुंकरगुरू. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगायची घाई केली नव्हती. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कॉलरला माइक आणि आवाजात साखर पेरलेली.

"तुमचा रोग कुठे आहे? छातीत? साफ चूक," ते म्हणायचे. "रोग आहे श्वासात. अहो, टाकीतलं पाणी नासलंय आणि डॉक्टर नळ बदलताहेत. वर्षानुवर्षं नळच बदलताहेत. मी टाकी धुतो."

लोक हसायचे. ज्यांना हसणं झेपत नव्हतं ते खोकायचे.

मग एकाला वर बोलवायचं. त्याच्या छातीवर पांढराशुभ्र रुमाल धरायचा, डोळे मिटायचे, बाटलीतलं 'साधं पाणी' शिंपडायचं, की रुमालावर लालभडक डाग. "हे तुझं नासलेलं रक्त. ओढून घेतलं मी. आता फुंक. जोरात. अजून." तो बिचारा फुंकायचा आणि डाग सगळ्यांच्या देखत विरत विरत नाहीसा व्हायचा. रुमाल पुन्हा कोरा.

"पुरावा मागतात लोक. मागू देत," फुंकरगुरू पहिल्या रांगेकडे हात करायचे. "हा बसलाय माझा पुरावा."

पुरावा म्हणजे चौतीस वर्षांचा एक टेलर. अंगाने काडी, पण कोट असा बेतून शिवलेला की बरगड्या कुणाला मोजता येऊ नयेत. त्याच्या शेजारून त्याची आई उठायची आणि माइकची वाट न बघता सांगायची, "तीन महिने झाले. एक थेंब नाही पडला. आधी बेसिन लाल व्हायचं हो."

माइक टेलरपुढे यायचा. तो म्हणायचा, "हो. थांबलंय."

टाळ्यांनी हॉल दणाणायचा. त्या गर्दीतल्या कुणालाही वाटलं नाही की हा माणूस खोटं बोलतोय. माझाही विश्वास बसला असता. इतक्या साध्या तोंडाने कोण खोटं बोलतं?

त्याला सिस्टिक फायब्रोसिस होता, जन्मापासून. या आजारात छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, त्यात जंतू घर करून राहतात आणि फुप्फुसं हळूहळू झिजतात. मोठेपणी कधी एखादी रक्तवाहिनी फुटते आणि खोकल्यातून रक्त येतं. घामात मीठही जास्त जातं. तान्हेपणी त्याचा पापा घेतला की आईच्या ओठांना खारट लागायचं, तिला पहिली शंका आली ती तेव्हा. डॉक्टरांनी समजावलं होतं की हा दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडतं, आणि दोघांनाही आपल्यात तो आहे याचा पत्ता नसतो. म्हणजे निम्मा दोष वडिलांचा. पण ते वारले, आणि त्यांचा वाटाही आईने आपल्याच अंगावर घेतला. बेसिन लाल झालं की ती पुसायची आणि म्हणायची, "माझंच आहे हे. मीच दिलंय तुला."

हे तो वर्षानुवर्षं ऐकत आला होता.

फुंकरगुरूंची लबाडी त्याला पहिल्याच रविवारी दिसली होती. शिंपी माणूस, सुईने बोटं टोचून घेण्यात आयुष्य गेलेलं. रक्ताचा डाग कसा वागतो हे त्याला कुणी शिकवायला नको. रक्त वाळलं की तपकिरी होतं, गार पाण्यात चोळावं लागतं, गरम पाणी लागलं तर पक्कं बसतं. फुंकून जाणारं रक्त त्याने बघितलं नव्हतं. शिवाय त्या डागाचा रंग लालपेक्षा राणी रंगाकडे झुकणारा होता. कापडाच्या दुकानात त्या रंगाला कुणी रक्तासारखा म्हटलं नसतं.

जिना उतरताना तो आईला हे सांगणारच होता. पण आई गुणगुणत होती. वडील गेल्यापासून त्याने तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. घरी गेल्यावर तिने कॅलेंडर काढलं आणि म्हणाली, "आजपासून रक्ताशिवायच्या प्रत्येक दिवसावर फुली मारायची." तो म्हणाला, "मार." चुकला तो इथेच.

नवव्या दिवशी दुकानात एका कोटाला हातशिलाई घालताना छातीत कोमट काहीतरी गुडगुडलं. ती जाणीव ज्याला झालीये त्यालाच कळते. मग तोंडात खारट चव आणि खोकला. हाताशी मरून अस्तराचा तुकडा होता, तोच त्याने तोंडाला लावला. बाजूला करून बघितलं तर काही दिसेना. रक्त अस्तराच्या रंगात मिसळून गेलं होतं. फुंकरगुरूंना जे खऱ्या रक्ताचं करता येत नव्हतं, ते वीतभर अस्तराने करून दाखवलं.

त्याने त्याच आठवड्यात डझनभर रुमाल शिवले. वरून मरून अस्तर आणि आत, टिपून घ्यायला, जुन्या पांढऱ्या सुती कापडाची घडी, कारण अस्तर स्वतः काही टिपत नाही. कडेने बारीक टीप. "हे काय नवीन?" आईने विचारलं. "उरलेलं अस्तर फुकट जात होतं," तो म्हणाला. ते रुमाल तो दुकानातच धुवायचा.

औषधं त्याने एक दिवसही सोडली नाहीत. आईला दिसू नये म्हणून औषधाच्या वाफेचं मशीन दुकानात आणून ठेवलं, दुकानाच्या वेळेच्या तासभर आधी शटर अर्धं उघडून आत बसायचा. गोळ्या, छाती थोपटून कफ काढणं, सगळं वेळच्या वेळी. दवाखान्यात डॉक्टरांना रक्ताबद्दल खरं सांगायचा. त्याची फुप्फुसं तगली होती ती या खटपटीने, आणि रविवारी टाळ्या घेत होते फुंकरगुरू, जे सगळ्यांना सांगत, "नळाचा नाद सोडा. औषधं बंद करा." टेलर मनाशी म्हणायचा, कोण सोडतंय असल्याच्या सांगण्यावरून.

छातीच्या दवाखान्यात दर महिन्याला त्याची एकीशी भेट व्हायची. भेट म्हणजे लांबून. या आजाराच्या दोघांनी जवळ बसायचंच नाही असा नियम आहे, कारण एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला महागात पडतात. ती खिडकीजवळ बसायची, हा दाराजवळ. ती वाचनालयात कामाला होती. ती त्याला दारवाले म्हणायची, तो तिला खिडकीवाली. दोघांच्या तोंडावर मास्क, बोलणं फोनवर, समोरासमोर बसून.

"काय दारवाले, कोट मस्त. कुणाला दाखवायला?"

"एक्स-रेवाल्याला."

सहा वर्षं अशी ओळख. हात मिळवणं तर सोडाच, एका बाकावरही बसली नव्हती.

त्या महिन्यात खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. नर्सने त्याच्याकडे बघायचं टाळलं, मग न राहवून सांगितलं, "आत आहे. अडीच महिने औषधं बंद केली होती. परवा रक्ताची गुळणी झाली ती थांबेना. आता कुठे आटोक्यात आलंय, पण छाती पूर्ण भरलीये."

काचेच्या पलीकडे ती उशांना टेकून बसली होती. त्याला बघून तिने फोन उचलला. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागत होता.

"मी आले होते तुझ्या हॉलमध्ये," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेत. खिडकीपाशी. अंतर ठेवून."

"का सांगितलं नाहीस?"

"बरी झाल्यावर... सांगणार होते. तुझ्या शेजारी येऊन बसणार होते, एकदम."

तो काचेजवळ सरकला. म्हणाला, "अगं, तुला एवढी अक्कल. तो लबाड माणूस आहे हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना." ती जरा हसली. "त्याच्यावर कुठे विश्वास ठेवला? तुझ्यावर ठेवला. तू म्हणालास, थांबलंय. मला वाटलं, दारवाला... खोटं नाही बोलायचा."

त्याने सगळं सांगितलं, आई, कॅलेंडर, अस्तर. ती डोळे मिटून ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आईला सांग आता. आणि त्यांनाही. हॉलमधल्यांना."

गुरुवारी दुपारी ती गेली. त्या दिवशी पहिल्यांदा तो तिच्याजवळ जाऊन बसला. अंतर पाळायला आता कारण उरलं नव्हतं. तिचा हात हातात घेऊन तो बसून राहिला, आणि नर्सने त्याला उठवलं नाही.

शुक्रवारी जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेतला पांढरा कोट न्यायला दुकानात आल्या. त्याने त्यांना राणी रंगाच्या डागाचं विचारलं. बाई हसल्याच. "फिनॉल्फ्थॅलीन. सातवीची पोरंही ओळखतील. पांढरी पूड असते, स्पिरिटमध्ये विरघळवून रुमालावर लावायची आणि वाळवायची. दिसत नाही. वरून धुण्याच्या सोड्याचं बेताचं पाणी शिंपडलं की लाल. आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, तो सोड्याचा जोर मारतो, रंग जातो. आजाऱ्यानेच फुंकायला पाहिजे असं नाही, धडधाकट माणसाने फुंकलं तरी जाईल."

"बाई, रविवारी माझ्याबरोबर याल?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "येते."

रविवारी दहाला हॉल नेहमीसारखा भरला. फुंकरगुरूंनी टाकी धुतली, नळाला शिव्या घातल्या, एका म्हाताऱ्याच्या छातीवरून रक्त ओढलं. म्हाताऱ्याला फुंकायला सांगण्याआधी त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. टेलर या वेळी खुर्चीत बसून बोलला नाही, वर गेला आणि त्यांच्या हातातला लाल रुमाल काढून घेतला.

"आई, वर ये जरा."

आई गोंधळून वर आली.

"तुझी छाती कशी आहे?"

"मला काय धाड भरलीये?"

"मग फुंक यावर."

आईने फुंकलं. डाग विरला. हॉलमध्ये कुजबुज झाली. फुंकरगुरू लगेच म्हणाले, "माउलीचा श्वास शुद्ध आहे, म्हणूनच..." पण मागून विज्ञानाच्या बाई स्टेजवर आल्या, बाटलीतलं पाणी दुसऱ्या टोकाला शिंपडलं, पुन्हा लाल झालं, आणि तो रुमाल त्यांनी हॉलमध्ये फिरवला. दर वेळी नव्याने शिंपडलं, चार जणांनी फुंकलं, चारदा डाग गेला. शाळेत सांगतात तसं त्यांनी सगळं सांगितलं, पूड, सोडा, श्वास. "चमत्कार नाही," त्या म्हणाल्या. "सातवीचं पुस्तक आहे."

"आणि हा बरा झाला तो?" फुंकरगुरूंची साखर संपली होती. "हाही पुस्तकात आहे का? विचारा त्यालाच."

"तेच सांगायला आलोय," टेलर म्हणाला.

त्याने खिशातून मरून रुमाल काढला आणि छोट्या कात्रीने कडेची टीप उसवली. सगळा हॉल बघत होता. आतली पांढरी घडी त्याने उलगडून धरली. "हे आज सकाळचं आहे. माझं. रक्त थांबलं नव्हतं, मी लपवत होतो. औषधंही चालू होती, तीही लपवत होतो." घडी त्याने फुंकरगुरूंपुढे केली. "हं. आता यावर फुंका."

फुंकरगुरू मागे सरले.

"शेवटच्या रांगेत, त्या खिडकीपाशी, एक बाई बसायच्या," टेलर लोकांकडे वळला. "माझाच आजार. माझ्या एका शब्दावर त्यांनी औषधं सोडली. गुरुवारी गेल्या. यांनी पुडीने फसवलं, मी तोंडाने फसवलं. पाया पडतो, ज्यांनी औषधं सोडलीत त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. माझं ऐकू नका, यांचं ऐकू नका, तपासून बघा."

पुढच्या गोंधळात फुंकरगुरू कधी सटकले कळलं नाही. त्या हॉलचा जिना खरोखर पळत उतरलेला तो एकच माणूस. खेदाने सांगतो, तरीही तिघांनी दारात विचारलं की पुढच्या रविवारी गुरू कुठे बसणार.

घरी आल्यावर आई आत गेली. मग कॅलेंडर काढून आणलं.

"यातल्या किती फुल्या खऱ्या?"

"आई, जाऊ दे ना."

"किती?"

"महिन्याच्या तिसातल्या दहा."

ती खुर्चीत बसली. "मी एवढी खूश दिसले नसते तर तू सांगितलं असतंस. मग ती पोरगी..."

हाही वाटा ती आता आपल्या अंगावर घ्यायला निघाली होती. त्याने तिचे दोन्ही हात धरले. "नाही. हे माझं आहे. तू नाही दिलेलं." आणि इतक्या वर्षांत प्रथमच दोघं एकमेकांसमोर रडली.

संध्याकाळी आईने उरलेले अकरा रुमाल मागून घेतले, चष्मा लावून एकेक टीप उसवली आणि आतली सुती कापडं गार पाण्यात भिजवली. पाणी तांबूस झालं. ती बघत राहिली, पुसायला उठली नाही.

"यापुढे पांढरे शिव," ती म्हणाली. "मला दिसू दे."

कुणी तुमच्यापुढे चमत्कार केला तर त्याच्या रुमालाला हात लावून बघा, बाटलीत काय आहे ते विचारा. ते जमेलच, फार अवघड नसतं. पण तो ज्याला 'बरा झालेला' म्हणून उभा करतो, तुमच्या ओळखीचा, भला, तुमच्याशी कधी खोटं न बोललेला माणूस, त्यालाही विचारायला लाजू नका. त्याची औषधं चालू आहेत का ते विचारा. खिशातला रुमाल बघायला मागा. खिडकीवालीने मागितला असता, तर त्याने दाखवला असता.