आत्याची पापणी

अंडं किती तापलंय ते बघायचं असेल तर ते मिटलेल्या डोळ्यावर टेकवावं. हाताला काय कळतंय? ट्रे उचलून आणि बादल्या ओढून हात निबर झालेले असतात. पापणी मात्र अंगावरची सगळ्यात लाजरी जागा. अंडं कोमट लागलं तर आतलं पिल्लू सुखात. चटका बसला तर ते गुदमरतंय, गार लागलं तर कुडकुडतंय. आमच्या अंडी उबवायच्या हॅचरीत ही परीक्षा दिवसातून तीनदा व्हायची आणि ती घ्यायचा मान फक्त आत्याचा. तिची पापणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

उगाच नाही म्हणत. एकदा मशीनचा मीटर अगदी शहाण्यासारखा साडेसदतीस दाखवत होता. आत्यानं मागच्या कोपऱ्यातलं अंडं डोळ्यावर धरलं आणि म्हणाली, "चटका." उघडून बघतो तर आतल्या पंख्याचा पट्टा तुटलेला, एक कोपरा भट्टीसारखा आणि मीटर बसलेला नेमका दुसऱ्या कोपऱ्यात. त्या दिवसापासून आमचा वायरमनसुद्धा मीटरकडे बघायच्या आधी आत्याच्या डोळ्यांकडे बघायचा.

मी तिचा भाचा. तेव्हा चांगला तिशीचा घोडा होतो, अंडी मांडायचं आणि ट्रे धुवायचं काम करायचो. माझ्या शब्दाला तिथे काडीची किंमत नव्हती, आणि ती मीच घालवली होती. टोपीत विसरलेलं अंडं फुटून पिल्लू निघालं आणि मला 'बाबा' म्हणालं, हे मी सगळ्यांना शपथेवर सांगितलं होतं. दुसऱ्यांदा मशीनमधून धूर येतोय अशी बोंब ठोकली होती, कारण वायरमनच्या डब्यात त्या दिवशी काहीतरी चांगलं असल्याचा वास येत होता. तो धावत गेला, मी डबा संपवला. पुढे वर्षभर तो मला 'धूर' अशीच हाक मारायचा.

त्या उन्हाळ्यात सावलीसुद्धा सावली शोधत फिरत होती. ही थाप आहे, कबूल. पुढच्यात मात्र थापेचा कणही मिसळलेला नाही.

कोंबडीला घाम येत नाही. तापली की ती चोच उघडते, पंख अंगापासून लांब धरते आणि धापा टाकते. दाणे तसेच राहतात, नुसतं पाणी पीत बसते. अंड्याचं कवच मग पापुद्र्यासारखं होतं आणि आतला जीवही मुळातच अशक्त निघतो. मागच्या खेपेला आमच्या निम्म्याच अंड्यांतून पिल्लं निघाली होती. आत्या मालकांना सांगत होती की ही अंडी मशीनमध्ये यायच्या आधीच उन्हानं मारलेली आहेत. मालक म्हणाले, "बाई, ऊन दरवर्षी असतं. तुमची पापणी म्हातारी झाली. ही खेप गेली तर तुम्ही घरी बसा."

घरी बसणं म्हणजे आत्याला जिवंतपणी झाकून ठेवल्यासारखं.

तर ही खेप. आठ हजार अंडी आणि अठरावा दिवस. अठराव्या दिवशी अंड्यात पांढरं-बिंढरं काही उरत नाही, गच्च भरलेलं पिल्लू असतं आणि ते स्वतःच तापायला लागतं. मशीननं तेव्हा ऊब द्यायची नसते, काढून घ्यायची असते. नेमका त्याच सकाळी मशीनच्या खोलीतला गारव्याचा मोठा पंखा जळाला. वायरमन तो उघडून बसला. तिकडे शेडमध्ये कोंबड्या पटापट माना टाकत होत्या. आत्या सकाळपासून छपरावर ओली गोणपाटं टाकत होती, खाली येऊन पाणी मारत होती, पुन्हा वर. दुपारपर्यंत आम्ही चाळीस कोंबड्या बाहेर काढल्या. सगळ्यांच्या चोची उघड्या.

दोन वाजता ती मशीनपाशी आली. अंडं काढलं, डोळा मिटला, टेकवलं.

"गार आहे," म्हणाली, आणि उबेचं बटण वर फिरवलं.

मला बरं वाटलं. गार म्हणजे निदान उकडत तरी नाहीत. मग माझं लक्ष मीटरकडे गेलं. अडतीसला जाऊन तो अजून चढत होता.

अर्ध्या तासानं ती परत आली. अंडं, डोळा. "अजून गारच." पुन्हा बटण वर.

मीटर एकोणचाळीस.

"वायरमन," मी हळूच म्हणालो, "मीटर बघ."

"मीटर गेला असेल. पापणी म्हणते गार, म्हणजे गार. मागे विसरलास?"

"आणि बरोबर असला तर?"

"तर धूर येईल," तो म्हणाला आणि स्क्रू तोंडात धरून पुन्हा पंख्यात वाकला.

आत्याची पाठ फिरल्यावर मी एक अंडं काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यावर धरलं. चटका बसला. त्याहून वाईट म्हणजे पापणीखाली काहीतरी धडपडलं. आतून, भराभर, दार वाजवावं तसं. मग थांबलं. मी ते अंडं तसंच धरून उभा राहिलो, पुन्हा हलेल म्हणून. हललं नाही. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरला आणि तो बर्फासारखा गार होता.

"आत्या, अंडी पोळतायत."

"तुझी जीभ खोटी होतीच. आता पापणीही का?"

"आईशप्पथ."

"तुझ्या आईला मी ओळखते. तिच्या शपथेवर तू आजवर किती कोंबड्यांना बोलायला लावलंयस?"

वायरमन हसला. मीही हसणार होतो, पण तेवढ्यात मला आत्या नीट दिसली. तोंड उघडं. हात अंगापासून लांब, कशाला शिवायला नको असल्यासारखे. श्वास वरच्या वर. आम्ही दोघे घामानं निथळत होतो आणि तिचं कपाळ कोरडं ठणठणीत, तांब्याच्या भांड्यासारखं लाल. हे रूप मी सकाळपासून चाळीसदा पाहिलं होतं. त्यानंतर काय होतं तेही पाहिलं होतं.

मी जवळ गेलो. हात लावायचीही गरज पडली नाही. मशीनचं दार उघडल्यावर येते तशी झळ तिच्या अंगातून येत होती. त्या तापलेल्या पापणीला उकळतं अंडंही गारच लागलं असतं.

"आत्या, तुला ताप आहे."

"मला ताप तुझा आहे. सर."

आणि तिनं तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला.

तिला ढकलणं मला सात जन्मांत जमलं नसतं, आणि खरं बोलून काय होतं ते नुकतंच कळलं होतं. मग माझ्याकडे होतं काय? जे होतं तेच वापरलं.

"आत्या, थंड खोलीतलं शेल्फ पडलं. सगळी नवी अंडी खाली."

मशीनमध्ये लावायच्या आधी ताजी अंडी जिथे ठेवतात ती खोली. आत्या वळली. एवढ्या वर्षांत माझी एकही थाप तिच्या गळी उतरली नव्हती, ही उतरली. ती भिंतीला धरत धरत गेली. तिची चाल बघून मला वाटलं, ती दारापर्यंत पोचणार नाही.

तिच्या मागे धावावं की मशीनकडे? माझ्या पायांना कळेना. मी बटण पार खाली केलं, मशीनची दोन्ही दारं सताड उघडली, आणि मग पाण्याची बादली उचलून पळालो.

"अरे धूर, दारं का उघडलीस?" वायरमन शिव्या घालत मागे आला. थंड खोलीच्या उंबऱ्यावर त्याच्या शिव्या थांबल्या.

आत्या अंड्यांच्या खोक्यांना टेकून बसली होती. शेल्फ जागच्या जागी होतं आणि ती त्यावरची अंडी मोजत होती, मोठ्यानं, पण सातानंतर पुन्हा सातच. मी अख्खी बादली तिच्या डोक्यावर ओतली. वायरमन दुसरी घेऊन आला आणि एका पुठ्ठ्यानं वारा घालू लागला. कोंबड्या बघायला निघालेले गुरांचे डॉक्टर चार वाजता पोचले. तिची नाडी धरून ते म्हणाले, "माणसं मी बघत नाही, पण पाणी ओतायचं थांबवू नका. गाडी बोलावलीय."

गाडी यायच्या आधी आत्यानं डोळे उघडले.

"अंडं आण," म्हणाली.

मी मशीनमधलं आणलं, दारं उघडी असूनही ते अजून निवलं नव्हतं. तिनं ओल्या पापणीवर टेकवलं आणि झटक्यानं दूर केलं.

"किती वेळ?"

"दोन तास."

"मी शिजवली रे त्यांना," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

विसाव्या दिवशी सकाळी ती दवाखान्यातून थेट आली, मनगटाला पट्टी तशीच. मशीनच्या दाराला कान लावून बसली. वायरमन बसला, मी बसलो. फार तापलेली अंडी एकविसाव्या दिवसाच्या आधीच फुटतात किंवा कधीच फुटत नाहीत. आत चिडीचूप. माझ्या डोळ्यावर ती धडपड पुन्हा पुन्हा होत होती, आणि थांबत होती.

"एखादी थाप सांग," आत्या म्हणाली.

मला एकही सुचली नाही.

दहाच्या सुमाराला खालच्या ट्रेमधून एक चिवचिव आली. बारीक, तक्रार केल्यासारखी. मग दुसरी. आत्यानं दार उघडलं नाही, फक्त कपाळ दाराला टेकवलं.

पाच हजारांच्या वर निघाली. वरच्या ट्रेमधली बहुतेक गेली. काहींची नाभी मिटली नव्हती, काहींचे गुडघे लाल झाले होते, उभी राहायची आणि बसायची. ती सगळी आत्यानं एकेक करून हातात घेतली, गेलेलीसुद्धा. मग मालकांकडे जाऊन सरळ म्हणाली, "पापणी म्हातारी झाली नव्हती. तिला ताप होता, आणि मी कुणाला विचारलं नाही. आता घरी पाठवायचं तर पाठवा." मालक शेडकडे बघत होते, जिथे गोणपाटं वाळून कडक झाली होती. "आधी छपराचं बघू," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून अंडं उचलायच्या आधी आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहायची, डोळे मिटायची आणि कपाळ पुढे करायची.

"बघ. आणि खरं सांग."

मी तळहात ठेवायचो. तेवढ्या एका वेळी मी कधी थाप मारली नाही. पण पहिल्याच आठवड्यात एका दुपारी हात तिच्या कपाळापर्यंत नेला आणि मनात आलं, माझाच हात तापलेला असला तर? अंगावर काटा आला. त्या दिवसापासून आत्या यायच्या आधी मी गुपचूप वायरमनपाशी जायचो आणि कपाळ पुढे करायचो.

"गार आहेस, धूर," तो म्हणायचा.

त्याचं कपाळ कोण बघतं, हे विचारायची माझी छाती कधीच झाली नाही.