दाराची रुंदी

आत्या गेली तेव्हा तिचं तळमजल्यावरचं घर माझ्या नावावर करून गेली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे फरशी घातलेलं छोटं अंगण आणि त्यात एक लिंबाचं झाड. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तिने पुढच्या दारातल्या दोन पायऱ्या फोडून उतार करून घेतला होता. मी आईबाबांजवळ राहत होते, ते घर कामाच्या जागेपासून लांब पडत होतं, म्हणून भाड्याने द्यायचं ठरलं. सव्विसाव्या वर्षी मी घरमालकीण झाले.

जाहिरातीला पाच अर्ज आले. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे नमुना कुठला हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून बाटलीवर नुसता आकडा घालतात. मी अर्जांनाही आकडे दिले, नावांवर कागद चिकटवला आणि तक्ता आखला. उत्पन्न, कामाची स्थिरता, किती वर्षं राहणार, घर बघताना कसे वागले, आणि आधीच्या घरमालकाचं मत. शेवटच्या रकान्याला शंभरातले तीस गुण ठेवले, कारण बाकी सगळं माणूस स्वतःबद्दल सांगतो, हे एकच दुसरा सांगतो.

आई भाजी निवडता निवडता तक्ता वाचत होती. म्हणाली, "माणसं आहेत ती, बाटल्या नव्हेत. उद्या नवरा बघताना पण हेच करशील. बिचारा अर्ध्या गुणाने नापास व्हायचा."

मी तिला समजावलं, की चेहरा बघितला की आपण फसतो.

"न बघता पण फसता येतं," ती म्हणाली आणि देठं केराच्या टोपलीत टाकली.

पाचांतले तीन अर्ज लवकर गळले. उरले तीन नंबर आणि चार नंबर. तीन नंबर म्हणजे एक जोडपं, दोघंही विमा कंपनीत. त्यांनी घर पाच मिनिटांत बघितलं, स्वच्छ आहे म्हणाले, चपला बाहेर काढल्या होत्या त्या नीट जोडीने ठेवलेल्या. चार नंबर घड्याळजी होता. साठीच्या आसपासचा, सदऱ्याच्या खिशात बारीक पेचकस. एकटाच आला. घर दोघांसाठी हवंय, मी आणि बायको, एवढंच म्हणाला. मग उतारावर उभा राहिला, खाली गेला, पुन्हा वर आला. खिशातून टेप काढून पुढचं दार मोजलं, मागचं मोजलं, न्हाणीघराचं मोजलं. अंगणात जाऊन ऊन कुठून येतं ते विचारलं. मी घरी येऊन नोंद केली: 'बरीच मोजमापं घेतो. मोडतोड करून बदल करण्याची शक्यता.' वागण्याचे अडीच गुण कापले.

मग फोन केले. जोडप्याचा घरमालक म्हणाला, सोन्यासारखी माणसं आहेत. घड्याळजीचा घरमालक जरा थांबला. माणूस वाईट नाही म्हणाला, पण दिवसभर ठोकाठोक चालते, घड्याळं वेळी-अवेळी वाजतात, शेजारी कंटाळलेत. "मी काय सांगू? तुम्ही बघा बुवा." फोन दीड मिनिटाचा झाला. मी तीसपैकी वीस लिहिले. तिथल्या शेजाऱ्यांना विचारावं असं मनात आलं होतं. पण बाकीच्यांच्या शेजाऱ्यांना विचारलं नव्हतं, मग एकट्यासाठी पद्धत कशी बदलायची, म्हणून सोडून दिलं.

बेरीज झाली. तीन नंबरला ऐंशी, चार नंबरला साडेसत्याहत्तर. प्रयोगशाळेत एवढा फरक मी फरक म्हणून मानलाच नसता. चाचणी पुन्हा केली असती. पण कागदावर एक आकडा मोठा होता, आणि मला निवड करून मोकळं व्हायचं होतं.

घड्याळजीला मी फोनवर नाही म्हणून कळवलं. त्याने विचारलं, अंगण तरी वापरतील ना ते लोक? मला प्रश्न विचित्र वाटला. मी हो म्हणाले.

जोडप्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सगळं वेळेवर, सगळं नीट. त्यातल्या नवऱ्याची महिन्याभरात दुसऱ्या शहरात बदली झाली, बायको त्याच्याकडे जाऊन-येऊन असते. घर बहुतेक बंदच. एकदा मी पंपाचं बटण बघायला गेले, तर मागच्या दाराच्या कडीवर कोळ्याचं जाळं होतं आणि अंगणभर वाळलेली लिंबं पडली होती.

आठ महिन्यांनी कामावरून मला एका इमारतीचे पाण्याचे नमुने घ्यायला पाठवलं. तीन मजली, बिनलिफ्टची. तिथल्या लोकांनी पाण्याला वास येतो म्हणून तक्रार केली होती. घरमालक स्वतः जिन्याशी उभा होता, गोलमटोल, बोलका. मी म्हटलं, गच्चीवरच्या टाकीचा एक नमुना घेईन आणि सगळ्यांत वरच्या घरातल्या नळाचा एक.

"वर घड्याळजी आहे," तो चढता चढता म्हणाला. "लाखात एक भाडेकरू, मॅडम. नऊ वर्षं झाली. पंप, कुलपं, जिन्यातले दिवे, सगळं तोच बघतो. आणि आवाज म्हणाल तर शून्य. मधे चालला होता सोडून. कुणा बाईचा फोन आला चौकशीला. दिली ठोकून, म्हटलं फार ठोकाठोक करतो." दुसऱ्या मजल्यावर तो कठड्याला टेकला आणि दम खात हसला. "हातचं सोडून पळत्याच्या मागे कोण लागतं? मी इथेच बसतो, माझ्याच्याने चढवत नाही. तुम्ही बघा बुवा."

आवाज मी तेव्हाच ओळखला होता. अर्जावर ज्याचा फोन नंबर दिलेला असतो तो नुसती माहिती देतो, असं मी धरलं होतं; त्याचाही काही स्वार्थ असतो, हे धरलंच नव्हतं.

आधी गच्चीवर जाऊन मी टाकीचा नमुना घेतला, मग खाली येऊन दार वाजवलं. दार घड्याळजीनेच उघडलं. त्याने मला ओळखलं, आणि जणू मी पाहुणी आहे असं आत घेतलं. खोलीत चार-पाच घड्याळं होती, सगळ्यांच्या घंटा चिंध्यांनी बांधलेल्या. खिडकीशी चाकांच्या खुर्चीत त्याची बायको बसली होती. केस विंचरलेले, मांडीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र.

"याच का त्या, लिंबाच्या झाडाच्या?" तिने विचारलं.

"याच," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरात गेले. नळाचं तोंड स्पिरिटने पुसलं, जंतू मरावेत म्हणून त्यावर ज्योत फिरवली आणि पाणी सोडलं. नमुना घेताना पहिली दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं असतं. सुरुवातीला येतं ते नळीत अडकून राहिलेलं शिळं पाणी असतं, टाकीचं नव्हे. नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी मला हे शिकवलं होतं. घड्याळावर नजर ठेवून मी उभी राहिले आणि मला तो दीड मिनिटाचा फोन आठवला.

बाटली बंद करून मी बाहेर आले. ती तीन मजले शेवटची कधी उतरली, असं मी विचारलं.

"मागच्या वर्षी, दवाखान्यात नेताना," तो म्हणाला. "चौघांनी उचलून."

"मला सांगितलं का नाही तुम्ही? घर बघायला आलात तेव्हा?"

उत्तर तिने दिलं. "मीच नको म्हटलं होतं. आधी दोन ठिकाणी सांगून पाहिलं. एकाला दया आली, एकाला भीती वाटली, घर दोघांनीही दिलं नाही. म्हटलं, या वेळी चार लोकांसारखं मागू."

घड्याळजी म्हणाला, "आमचं काही म्हणणं नाही, ताई. आमच्यापेक्षा गरजू कुणी असेल, म्हणून तुम्ही त्यांना दिलं असेल."

कडीवरचं जाळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. घरमालक काय बोलला ते सांगावं, असं ओठांपर्यंत आलं. पण मी अर्ध्या तासात निघून जाणार होते आणि या दोघांना त्याच्याच छपराखाली राहायचं होतं. शिवाय सांगितल्याने माझा भार हलका झाला असता, त्यांचा नव्हे. मी म्हटलं, करार संपला की मी त्या जोडप्याशी बोलेन. तो बरं म्हणाला, पण गिऱ्हाईक 'पुढच्या वर्षी नक्की येतो' म्हणतं ते दुकानदाराने ऐकावं तसं.

मी बाटलीवर आकडा लिहीत होते तेव्हा ती म्हणाली, "एक विचारू? मागचं दार किती रुंद होतं? हे म्हणतात तेहतीस इंच, पण मला वाटतं माझं मन राखायला सांगतात."

आत्याने उतार केला तेव्हा ते दारही नवीन बसवलं होतं. माप मला पाठ होतं.

"तेहतीसच," मी म्हटलं.

तिने खुर्चीच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत हाताने अंदाज घेतला.

"खुर्ची सव्वीसची आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "आरामात गेली असती."

मी बाटली पेटीत ठेवली आणि जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर घरमालकाने विचारलं, पाणी कसं वाटतंय? मी म्हटलं, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.