अडलेली ओळ

विंगेत स्टुलावर बसलेल्या काकू संहितेतल्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या. रंगमंचावर काका दीपगृहाच्या कठड्याला हात टेकून उभे होते, टेपवरचा समुद्र हळू आवाजात गाजत होता, आणि यायला हवं होतं ते वाक्य काही येत नव्हतं.

प्रॉम्प्टरचं सगळं कसब इथंच लागतं. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे ओळखायचं. मुद्दाम थांबलेल्याला ओळ दिली तर तो विंगेत येऊन आपला जीव खातो, आणि विसरलेल्याला दिली नाही तर त्याचा जीव जातो. काकांच्या बाबतीत काकूंना हा प्रश्न कधी पडला नव्हता. काका विसरले की त्यांची मान ताठ व्हायची, आणि थांबले की खांदे सैल पडायचे. लग्नाच्या आधीपासून काकू हे बघत आल्या होत्या. आज खांदे सैल होते, मानही मऊ होती, तरी ओळ येईना.

"या दिव्याला..." काकूंनी सांगितलं.

कुजबुजून नव्हे. कुजबुज नुसती सरसरते, नटापर्यंत पोचत नाही. पोटातून, खालच्या सुरात सांगावं लागतं. तो आवाज लाटांच्या खालून कठड्यापर्यंत गेला.

"या दिव्याला मी एकटं कधी सोडलं नाही," काका लगेच म्हणाले, आणि नाटक पुढे सरकलं.

तालीम संपल्यावर दिग्दर्शक रंगमंचाच्या कडेला येऊन बसला. हा मनुष्य दिवसा दवाखान्यात लोकांचे दात काढायचा, त्यामुळे वाईट बातमी सांगायची त्याला सवय होती.

"काका, राग मानू नका. पण या आठवड्यात रोज अडताय. कधी इथे, कधी तिथे."

"होतं असं कधीकधी," काका मिशी काढत म्हणाले.

"तुमचं कधीच होत नव्हतं. उद्या रंगीत तालीम आहे. उद्याही ओळ घ्यावी लागली, तर मी विमेवाल्याला उभा करीन. त्याचं सगळं पाठ आहे."

विमेवाला नाटकात पोस्टमन होता, दोनदा येऊन पत्र देऊन जायचा. तो कोपऱ्यात टोपी काढून उभा होता आणि त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. काका हसले, मिशी डबीत ठेवली आणि डबी काकूंच्या समोर सरकवली. काकूंनी ती उचलली. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. यात नवीन काहीच नव्हतं, कारण दोघांचा अबोला होता.

त्याचं असं झालं होतं. नाट्यमंडळाच्या वर्धापनदिनाला काकांनी आभाराचं भाषण केलं. दिवेमामांचे आभार मानले, रंगभूषावाल्याचे मानले, पडदा ओढणाऱ्याचे, समोरच्या चहावाल्याचे, इतकंच काय, चहावाल्याच्या ऐनवेळी बंद पडणाऱ्या स्टोव्हचेसुद्धा मानले. हशा झाला, टाळ्या पडल्या, आणि काका खाली उतरले. आयुष्यभर अंधारात स्टुलावर बसून ज्या बाईनं त्यांना बोलतं ठेवलं, तिचं नाव काही आलं नाही. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, तर काका अगदी निरागसपणे म्हणाले, "अगं, तू म्हणजे मीच की. स्वतःचे आभार कुणी मानतं का?"

काका हे प्रेमानं बोलले होते, हे काकूंना कळत होतं, आणि त्यामुळेच त्यांना जास्त लागलं. तेव्हापासून त्या भिंतीशी बोलू लागल्या.

"चहा झालाय," त्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला सांगायच्या. मग भिंत निमूटपणे चहा प्यायची आणि कप विसळून ठेवायची. सुरुवातीला काकूंना यात मजा वाटली. पुढे सवय झाली. मग कधीतरी असं झालं की बोलावंसं वाटे, पण सुरुवात कुठून करायची तेच सापडेना. काकाही बोलायला यायचे, दारात उभे राहायचे, खाकरायचे, आणि पाणी पिऊन परत जायचे.

आणि आता हे विसरणं सुरू झालं होतं. काकूंचा राग केव्हाच विरघळला होता. उरली होती ती नुसती धास्ती. वाणसामान आणायला गेलेले काका वेळेवर परत आले तरी त्या पिशवी तपासायच्या, काही राहिलं का म्हणून. काही राहिलेलं नसायचं. त्या रात्री त्यांना स्वप्न पडलं. रंगमंचावर गुडघाभर पाणी आलंय, संहितेची पानं त्यावर तरंगतायत, आणि पानांवरून अक्षरं एकेक करून सुटून निघालीयत. काका त्यांच्याकडे कौतुकानं बघतायत, जाऊ दे जाऊ दे म्हणतायत. काकू हाका मारतायत, पण त्यांचा आवाज खालच्या सुरातच निघतोय, प्रॉम्प्टरचा. जाग आली तेव्हा शेजारी काका शांत घोरत होते. काकू बराच वेळ तो आवाज ऐकत पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या इस्त्री केलेला दीपगृहवाल्याचा कोट हातावर घेऊन जरा लवकरच मागच्या दारानं शिरल्या. मागच्या बाजूला रंगाचे डबे, जुन्या नाटकांच्या खिडक्या, कुठल्या तरी राजाचं मोडकं सिंहासन, असा सगळा पसारा होता. कापडी समुद्राच्या पलीकडून निळा उजेड झिरपत होता. दिवेमामा शिडीवर चढून दिवे लावून बघत असणार. आणि त्या निळ्या उजेडात कुणीतरी बोलत होतं.

काका होते. एकटेच, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

काकू कोट छातीशी धरून उभ्या राहिल्या. काका पहिल्या अंकातून दुसऱ्यात गेले. पोस्टमनची वाक्यंही तेच म्हणत होते. जिथे परवा अडले होते तिथून पाण्यासारखे वाहत गेले. जिथे काल अडले होते तिथेही. या दिव्याला मी एकटं कधी सोडलं नाही, आज सोडतोय, म्हणाले, आणि एवढं सुंदर म्हणाले की शिडीवरून दिवेमामांनी "वा" केलं.

"काका, तुम्हाला तर सगळं येतंय," दिवेमामा म्हणाले. "मग रोज काय होतं हो तुम्हाला?"

काकूंना कापडाच्या फटीतून त्यांची पाठ दिसत होती. ते मान वळवून विंगेकडे बघत होते, जिथे काकूंचं स्टूल होतं.

"ते कुठेही नाही होत," काका म्हणाले. "या कडेला आलो की होतं."

जवळच्या रंगाच्या डब्यावर काकू मटकन बसल्या. या कडेला आलो की. खरंच, पलीकडच्या बाजूला काका कधी अडलेच नव्हते. प्रत्येक वेळी ते स्टुलाच्या बाजूला होते, काकूंच्या आवाजाच्या टप्प्यात. घरात भिंतीला मिळणारा आवाज इथे त्यांना मिळत होता. दोन शब्द, तेही दुसऱ्या कुणाचे, पण त्यांच्यासाठी म्हणून काढलेले.

आधी त्यांना हायसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. मग संताप आला. जिवाला घोर लावून ठेवला मेल्या माणसानं, आणि दोन शब्द बोलायला तोंड नव्हतं? आणि मग, कोटाची इस्त्री आपल्याच मुठीत चुरगळतेय हे बघत असताना, त्यांच्या लक्षात आलं की तोंड आपल्यालाही होतंच.

रंगीत तालीम सुरू झाली. दिग्दर्शक मधल्या रांगेत बसला. विमेवाला टोपी घालून पलीकडच्या विंगेत ओठ हलवत होता, पोस्टमनची वाक्यं म्हणत होता की काकांची, ते देव जाणे. दिवे विझले, मग निळे उमलले, लाटा गाजू लागल्या. काकूंना स्टुलावर बसलेलं असताना नेहमी वाटायचं तसंच आजही वाटलं, की आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुठेतरी माणसं बोलतायत.

काका पलीकडे होते तोवर सगळं सुरळीत चाललं. मग ते चालत चालत कठड्याशी आले. पणाला काय लागलंय ते त्यांना काकूंइतकंच ठाऊक होतं. आज तरी हा माणूस शहाण्यासारखा वागेल, असं काकूंना वाटलं, आणि वागू नये असंही वाटलं.

काकांनी कठड्याला हात टेकला. खांदे सैल सोडले. आणि थांबले.

लाट आली आणि गेली. मधल्या रांगेतली पाठ सरळ झाली. पलीकडे विमेवाल्यानं टोपी काढली. काकूंचं बोट ओळीवर होतं; या दिव्याला, एवढंच म्हणायचं होतं.

त्यांनी संहिता मिटली.

"अहो," त्या पोटातून, खालच्या सुरात म्हणाल्या, "आज चालत जाऊ या का घरी?"

पुढची लाट येईपर्यंत काका हलले नाहीत. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे दीपगृहवाल्याचं नव्हतं. त्यांनी ते गिळलं, दिव्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या दिव्याला मी एकटं कधी सोडलं नाही. आज सोडतोय."

आवाज जरा फाटला होता. आता त्यांनी रंगमंच ओलांडून पलीकडच्या विंगेत जायचं होतं, सगळ्या तालमींत तसंच ठरलं होतं. काका वळले आणि सरळ काकूंच्या अंगावर चालत आले.

"काका, एक्झिट पलीकडून!" दिग्दर्शक ओरडला. "आणि तो पॉज मात्र तसाच ठेवा, शनिवारच्या प्रयोगात हात लावू नका त्याला!"

काका विंगेच्या अंधारात उभे होते, धापा टाकत, खोटी मिशी एका बाजूनं सुटलेली. त्यांनी वाकून कान पुढे केला.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "समुद्रात नीटसं ऐकू आलं नाही."

शब्दन् शब्द ऐकू गेला होता, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं.