शिसवाची पाचर

लाखेचा शिक्का फोडून शिरस्तेदारांनी फडक्याची गाठ सोडली आणि कुऱ्हाड टेबलावर ठेवली.

साताऱ्याच्या सेशन कोर्टात सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. दाराजवळच्या बाकावर मयत नाथाजीची विधवा भामाबाई पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. पिंजऱ्यात खुनाचा आरोपी आकाराम. आणि साक्षीला उभा होता आष्ट्याकडच्या त्यांच्याच गावचा पोलीसपाटील लालासाहेब. आकारामाच्या वैरणीत दडवलेली, धुतलेली कुऱ्हाड त्यानंच शोधून काढली होती. खून होताना कुणी पाहिलेला नव्हता. पातं जखमेशी जुळतं, असं डॉक्टर सांगून गेले होते. आकारामाची मान या कुऱ्हाडीवरच अडकली होती.

"फौजदारांनी शिक्का केला तो दसऱ्यानंतर," सांगलीहून आलेले आरोपीचे वकील म्हणाले. "तोवर ही कुठं होती, पाटील?"

"माज्या घरी. देव्हाऱ्याखाली, ह्याच फडक्यात."

"कुलुपात?"

"आवं, देवापरास मोठा राखणदार आणायचा कुठनं?"

मागं खसखस पिकली. न्यायाधीशांनी नजर वर करताच ती विरली.

"माजी न्हाईच ही," आकाराम म्हणाला. पहिल्यापासून तो एवढंच म्हणत आला होता.

"गप रं!" शिपाई खेकसला.

सरकारी वकिलांनी कुऱ्हाड लालासाहेबाच्या हातात दिली. "ओळखा. हीच ना?"

'व्हय' अगदी ओठावर होतं. पण दांड्याच्या टोकाशी गेलेला त्याचा अंगठा तिथंच थांबला. दांडा हलू नये म्हणून ठोकलेली पाचर काळीभोर, शिसवाची होती. कीर्तनाच्या रंगात त्याच्याच हातून फुटलेल्या चिपळीचा तो तुकडा. टाकवेना, म्हणून त्यानंच तो इथं बसवला होता. फटीत हळद सुकून बसली होती.

त्यानं आईकडं पाहिलं. कानानं जड झालेली राहीबाई लेकाची साक्ष बघायला हौसेनं आली होती, आणि भामाबाईच्या बाकाशेजारी खाली बसली होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तो देवळात कीर्तनात दंग असताना तिनं घरातलं सगळं लोखंड पूजेला मांडलं असणार. विळे, फाळ, घरची कुऱ्हाड. आणि फडक्यातली तरी त्या दिवशी बिनपूजेची कशी ठेवायची?

दोन्ही शेजारी शेजारी. मग त्यातली एक पुन्हा फडक्यात.

"पाटील, हीच ना?" सरकारी वकिलांचा आवाज चढला.

भामाबाईनं तोंडातला पदर काढला होता. 'आक्का, त्याला सोडत न्हाई,' असं तिच्या दारात त्यानंच सांगितलं होतं. त्यानं अंगठा शिसवावर दाबला.

"न्हाई, सायब. ही माजी. माज्या घरची."

पिंजऱ्यात आकारामानं मान वर केली.

"मग आरोपीची कुठं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

लालासाहेबानं कुऱ्हाड दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

"चुलीपाशी. दसऱ्यापासनं आमची लाकडं तिच्यानंच फुटत्यात."

कोर्टात कुजबुज उठली. राहीबाईला नीट ऐकू आलं नव्हतं. तिनं भामाबाईचं लुगडं ओढलं.

"काय म्हनला गं माजा लाला?"

भामाबाई म्हातारीकडं बघत राहिली. रोजच्या देवपूजेनं तिच्या नखांच्या कडांना लागलेल्या हळदीकडं.

"काय न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली आणि थोडी सरकली. "वर बसा. फरशी गार हाय."