बोगस ठरलेली चारशे बारा नावं

लातूरच्या एका कॉलेजात मशीन लर्निंग आणि डेटा मायनिंगवर राष्ट्रीय परिषद होती. दहाचं उद्घाटन पावणेबाराला झालं आणि मग तासभर नुसते सत्कार. पाहुण्यांचा, संस्थाचालकांचा, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणाऱ्या प्राध्यापकांचासुद्धा. संशोधन मांडणाऱ्याला सात मिनिटं. प्रश्नांना वेळच नाही, कारण म्हणे जेवण थंड होतंय. असल्या कारभाराचा मला नेहमीच राग येतो, पण त्या दिवशी तो अंगात मावत नव्हता.

मी समीक्षा सोनकांबळे. गाव मुखेड तालुक्यात. नांदेडला तासिका तत्त्वावर शिकवते आणि डॉ. उमाशंकर बिराजदार सरांकडे पीएच.डी. करते. पेपर आम्हा दोघांचा होता. कोणत्या मुलांची शाळा सुटणार आहे, हे कॉम्प्युटरनं आधीच ओळखायचं. त्यासाठी दोन वर्षं एसटीनं फिरून मी शाळांचे पट गोळा केले, तालुक्यातल्या गावांचे आणि साखर कारखान्यांवरच्या ऊसतोड वस्त्यांचेही. पेपरवर पहिलं नाव सरांचं. तेवढं मी मुकाट्यानं गिळलं होतं.

गिळता येत नव्हतं ते वेगळंच. डेटा साफ करायचा म्हणून सरांनी माझ्याकडून चारशे बारा मुलं उडवून घेतली. तेच नाव, तीच जन्मतारीख आणि दोन शाळांच्या पटावर हजर, म्हणजे हा बोगस पट, मास्तर लोक संख्या टिकवायला असं करतात, असं त्यांचं म्हणणं. मी परोपरीनं सांगितलं की ही ऊसतोड कामगारांची पोरं आहेत. दिवाळी झाली की आईबापाबरोबर कारखान्यावर जातात, तिथं नाव लागतं, आणि गावातलंही तसंच राहतं. मी स्वतः चौथीत असताना दोन पटांवर होते. सर हसले. शास्त्र असल्या आठवणींवर चालत नाही म्हणाले.

ज्यांची शाळा सुटते तीच पोरं काढून टाकल्यावर शाळा सुटणार कुणाची? मॉडेल सत्त्याण्णव टक्के बरोबर आलं. वर सरांनी मला न विचारता शेवटी एक शिफारस घातली, ती मी सकाळी परिषदेच्या छापील पुस्तकात वाचली. मुखेड तालुक्यात गळती नगण्य, सबब हंगामी वसतिगृहांची गरज नाही. ही वसतिगृहं असतात म्हणून आईबाप उसाला गेले तरी लेकरं गावातच राहून शिकतात. पहिल्या रांगेत शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी बसले होते. यंदाची वसतिगृहं याच पेपरच्या आधारे ठरवू, असं त्यांनी भाषणात जाहीरसुद्धा करून टाकलं.

सरांचं बोलून झालं तसा मी हात वर केला. अध्यक्षांनी बघूनही पुढचं नाव पुकारलं. जेवताना सरांना गाठलं, तर आपल्याच पेपरवर प्रश्न विचारतात का, म्हणाले. थेसिसवर सही कोण करणार आहे याचीही आठवण करून दिली. तेवढ्यात धुरपताबाईचा फोन आला. आमच्या गावच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करते.

"कारखान्यावर न्यायला जीपा येऊन उभ्या हायत," ती म्हणाली. "वसतिगृह चालू होनार का न्हाई ते सांग. लोक लेकरं घेऊन निघून राहिलेत."

मी तिला तासभर लोकांना धरून ठेवायला सांगितलं. काय करणार होते, ते मलाच ठाऊक नव्हतं.

जेवणानंतर लगेच समारोप होता. त्यात उत्कृष्ट पेपरचा पुरस्कार आम्हाला मिळाला. आम्हाला वर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि रिवाजाप्रमाणे दोन शब्द बोलायला सांगितलं. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवता येतं, पण सत्कारमूर्तीच्या हातातला माईक कुणी काढून घेत नाही. मी माईक घेतला आणि उडवलेली पोरं कोण, ते सांगितलं. मग लॅपटॉप उघडून नावं वाचायला लागले. साक्षी, सहावी. सत्यम, तिसरी. सृष्टी, पाचवी. प्रत्येकाची गावातली शाळा कोणती आणि कारखान्यावरची कोणती, तेही. तिसाव्या नावाला अधिकारी उठून उभे राहिले आणि हे खरं आहे का, असं त्यांनी सरांनाच विचारलं.

सरांनी दुसरा माईक उचलला. "डेटा साफ करण्याचं काम या विद्यार्थिनीकडे होतं," ते म्हणाले. "चूक तिच्याकडून झालेली आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढा शिकलेला माणूस, आणि इतका भित्रा! 'सगळी उडव' असे त्यांचे मेल माझ्या लॅपटॉपमध्येच होते, एक बोट हलवायचा अवकाश होता. पण ते दाखवले असते तर भांडण सरांचं आणि माझं झालं असतं. समिती बसली असती, अहवाल आला असता, आणि तोवर लेकरं उसाच्या फडात पोचली असती.

"हो सर, चूक माझीच," मी म्हटलं. "तसं आत्ता लिहून द्या आणि पेपर मागे घ्या."

चूक झाली हे सर स्वतःच माईकवर कबूल करून बसले होते. अधिकाऱ्यांनी तिथंच कोरा कागद मागवला. सरांनी लिहिलं की विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे निष्कर्ष चुकले, शिफारस रद्द समजावी. खाली सही केली. त्यानंतर माझ्या थेसिसवर ते कधीच सही करणार नव्हते, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. अधिकाऱ्यांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि वसतिगृहं उद्यापासून सुरू करा, असं फोनवर कुणाला तरी सांगितलं.

मी शाल खुर्चीवर ठेवून बाहेर आले आणि धुरपताबाईला फोन लावला. लेकरं जीपमधून उतरवून घे, म्हटलं.