गाळ येईपर्यंत

बाटलीची मान, तिच्यामागे मोबाइलचा दिवा आणि त्या उजेडातून सरकणारी वाईनची लाल पट्टी... काचेच्या चंबूत ओतता ओतता उत्कर्षा श्वास रोखून बघत होती. आता येईल गाळ. धुराची रेघ सरकावी तसा तो मानेशी येतो. दिसला की हात थांबवायचा, उरलेलं बाटलीतच ठेवायचं.

"दारूला दिवा दावत्यात व्हय गं?" लालासाहेब म्हणाले. "अंडं तपासतीयास का काय?"

फौजेतून परतलेल्या तिच्या वडिलांच्या या थट्टेवर पाचगणीच्या हॉटेलवाल्या क्रांतीताई खळखळून हसल्या. उत्कर्षाचा थोरला भाऊ जयराज मात्र हसला नाही.

हात थांबलाच नाही. बाटली आडवी झाली, पालथी झाली, शेवटचा थेंबही चंबूत पडला — स्वच्छ. बाटली हलली असेल? पण मग सगळीच गढूळ दिसली असती... जी वाईन गाळलीच नाही, तिचा साका जाईल कुठं? पलूसच्या या घरच्या वाईन कारखान्यात तिनं एवढंच मागितलं होतं — दादा, माझी टाकी फिल्टरला लावू नकोस, गाळली की वाईनचा वास बिघडतो. तो म्हणाला होता, "तुझ्या शब्दाभायेर हाय का मी?" आणि लेबलवर छापलं होतं 'न गाळलेली', खाली तिची सही.

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"साका बघून लोकं बाटल्या माघारी धाडत्यात," तो हळूच पुटपुटला. "तुला सांगून पटलं नसतं."

"वत की आता पोरी, किती बघतीस!" लालासाहेब घाईनं म्हणाले आणि बाहेरच्या द्राक्षबागेकडे बघू लागले. म्हणजे आप्पा, तुम्हालाही ठाऊक होतं...

"न गाळलेलीच आहे ना ही?" क्रांतीताईंनी विचारलं. "त्यासाठीच तर एवढा घाट उतरून आले."

"जरा हवा लागू द्या तिला," उत्कर्षा म्हणाली. हे उत्तर नव्हतं, हे तिला कळत होतं.

ती चंबू गोल फिरवत राहिली. नाकाशी आधी जांभूळ आलं, मागून काळी मिरी. मिटलेली वाईन हवेनं खुलावी म्हणून आजवर तिनं किती वाट पाहिली होती. आज चंबूवर नाक धरून ती मनात विनवत होती — बिघड... काहीतरी कुबट येऊ दे, म्हणजे निदान माझं म्हणणं तरी खरं होतं असं होईल. आणि वास मात्र उलगडतच चालला होता.