उजवी बाजू

आमच्या यवतमाळात भर मे महिन्यात कूलर बंद करायला सांगणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर माझा नवरा.

सलील विमा कचेरीत नोकरी करतो आणि घरी बसून हेडफोनची पारख करतो. कंपन्या त्याला महागडे हेडफोन आठवडाभर वापरायला पाठवतात. तो ऐकतो, इंटरनेटवर लिहितो आणि ते वाचून लोक खरेदी करतात. तानसेन नसलो तरी कानसेन आहे, असं तो स्वतःच सांगतो. खरं म्हणजे मलाही त्याचा हा तोरा आवडतो. पण त्यापायी घरात कूलर बंद, पंखा बंद, मिक्सर बंद. कुकरची शिट्टीसुद्धा त्याला विचारून व्हायची.

या वेळचा हेडफोन आमच्या स्कूटरपेक्षा महाग होता. सलीलने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. उजवीकडचा आवाज दबलेला आहे म्हणाला. कंपनीने बिचारीने दुसरा पाठवला, तोही तसाच निघाला. आम्ही यंत्रावर तपासूनच पाठवला, दोन्ही बाजू सारख्याच आहेत, असं कंपनीने कळवलं. झालं, साहेबांचा पारा चढला. यंत्राला काय कळतं, म्हणत तो कंपनीचे वाभाडे काढणारा लेख लिहून मोकळा झाला.

मला मात्र वेगळीच भीती होती. जेवताना मी त्याच्या उजव्या हाताला बसते. गेले काही महिने मी काही विचारलं की हा ढिम्म. लक्षच नसतं तुझं, म्हणून मी तोंडाचा पट्टा सोडायचे. आता मला वाटायला लागलं, लक्ष नसतं एवढंच असू दे.

लेख टाकण्याआधी एकदा पुन्हा ऐक, म्हणून मी त्याला बसवलं. दोन्ही कानांत सारखाच वाजणारा तानपुरा लावून त्याने नेहमीसारखे डोळे मिटले. हेडफोन मी त्याच्या डोक्यावर चढवला, पण उलटा. हेडफोनची डावी बाजू आता त्याच्या उजव्या कानावर होती. खोट हेडफोनमध्ये असेल तर आता डावीकडचा आवाज दबायला हवा होता. दबू दे रे देवा, म्हणत मी घामाने निथळत उभी राहिले.

"उजवीकडलाच दबून राह्यला," तो डोळे न उघडता म्हणाला. "मी काय खोटं सांगून राह्यलो का?"

"सलील, मी तो उलटा घातला."

त्याने हेडफोन काढून पाहिला, सरळ घातला, ऐकला. परत उलटा घातला, परत ऐकला. मला ते बघवेना.

"मळ असन कानात," मी म्हटलं. "उद्या डॉक्टरले दाखवू."

"मागच्या महिन्यात दाखवून आलो," तो म्हणाला. "यंत्रावर तपासलं त्यानं. नस गेली म्हणे, आता परत नाही येत. मले वाटलं, त्याचंच चुकलं असन."

मला न सांगता तो एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता, याचा राग यायला हवा होता. तोही येईना. करण्यासारखं काही नव्हतंच. लिहिलेला लेख त्याने पुसून टाकला. हेडफोन खोक्यात ठेवला.

मग म्हणाला, "कूलर लाव."

मी कूलर लावला. त्याच्या घरघरीत माझ्या नेहमीच्या जागी, सलीलच्या उजव्या हाताला जाऊन बसले आणि चहा ठेवू का, असं विचारलं. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने डाव्या बाजूची उशी हाताने सारखी केली.

"इकडं येऊन बस, अनघा," तो म्हणाला.